चंद्राचे छायाचित्र आणि लोकशंका : एक पाठचिकित्सक विचार

१. प्रास्ताविक

चांद्रयान-३ मोहिमेतील 'विक्रम' हे अवतरक यान २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्या सुमारास पदव्युत्तर वर्गात मी पाठचिकित्सा हा विषय शिकवीत होतो. एके दिवशी तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने माझ्यापुढे दोन चित्रे ठेवली. एक करडे, कणीदार आणि काहीसे निस्तेज होते. दुसरे अतिशय रेखीव होते. चंद्राच्या मातीवर बग्गीच्या चाकाने उमटविलेली राजमुद्रा त्यात स्पष्ट दिसत होती. पहिले चित्र अधिकृत होते, तर दुसरे कोणा चित्रकाराने संगणकावर रचलेले होते आणि त्या दिवसांत ते खरे म्हणून सर्वत्र फिरत होते. विद्यार्थ्याचा संशय मात्र पहिल्यावर होता. ज्या संस्थेने चंद्रावर यान उतरविले, तिला एक नीटसे छायाचित्र का काढता येऊ नये, असा त्याचा प्रश्न होता.

हा प्रश्न पोरकट म्हणून सोडून देता येईल. परंतु तो जुना आहे आणि त्यामागे एक इतिहास आहे. चंद्राची अधिकृत छायाचित्रे जेव्हा जेव्हा लोकांसमोर आली, तेव्हा तेव्हा त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेतली गेली. या शंकेकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. काही जण तिला अज्ञान समजून तिची थट्टा करतात, तर काही जण तिलाच पुरावा मानून सारे चांद्रअभियान बनावट ठरवितात. प्रस्तुत निबंधात तिसऱ्या मार्गाने जाण्याचा प्रयत्न आहे. चंद्राचे छायाचित्र ही एक 'प्रत' आहे, ती अनेक हातांतून व यंत्रांतून आपल्यापर्यंत येते, आणि लोकशंका बहुधा मूळ प्रत व प्रसृत प्रत यांतील अंतरात जन्म घेते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

मराठी अभ्यासकाला ही दृष्टी परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद माजले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. या परंपरेने एक धडा पक्का शिकविला आहे : प्रत भ्रष्ट असली म्हणून ग्रंथ खोटा ठरत नाही, पण प्रत भ्रष्ट का झाली, हे सांगितल्याशिवाय ग्रंथावरचा विश्वासही टिकत नाही.

२. प्रतिकृतीकडून यंत्राकडे

चंद्राच्या 'जवळच्या' छायाचित्रांचा आरंभच एका प्रामाणिक कृत्रिमतेने झाला. वाफेच्या हातोड्यासाठी प्रसिद्ध असलेले अभियंते जेम्स नॅस्मिथ आणि ग्रीनिच वेधशाळेतील जेम्स कार्पेंटर यांनी १८७४ मध्ये चंद्रावर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील डोंगर आणि विवरे इतकी स्पष्ट होती की, त्या काळच्या कोणत्याही दुर्बिणीतून तसे छायाचित्र घेणे शक्य नव्हते. नॅस्मिथ यांनी दुर्बिणीतून पाहून रेखाटने केली, त्यांवरून प्लास्टरच्या प्रतिकृती घडविल्या आणि उन्हात ठेवून त्यांची छायाचित्रे घेतली. त्यांनी ही रीत लपविली नाही. मात्र या प्रतिकृतींत शिखरे वास्तवाहून पुष्कळच उभट झाली होती. चंद्रावरचे डोंगर अणकुचीदार असतात ही समजूत पुढे दीर्घकाळ चित्रकारांच्या आणि वाचकांच्या मनात राहिली. प्रत्यक्ष छायाचित्रांत मऊ उतारांच्या टेकड्या दिसल्या, तेव्हा त्या पाहणाऱ्याच्या अपेक्षेशी जुळणाऱ्या नव्हत्या. शंकेचे एक मूळ अशा पूर्वचित्रातही असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

७ ऑक्टोबर १९५९ रोजी सोव्हिएत 'लूना-३' या यानाने चंद्राची पृथ्वीवरून कधीच न दिसणारी बाजू प्रथम टिपली. एकूण २९ छायाचित्रे घेतली गेली. फिल्म यानातच धुतली व सुकविली गेली. मग प्रकाशाच्या बारीक झोताने ती ओळीओळीने 'वाचून' रेडिओसंदेशाच्या रूपाने पृथ्वीकडे धाडण्यात आली. त्यांतील काहीच पृथ्वीपर्यंत पोहोचली, तीही अस्पष्ट आणि पट्ट्यापट्ट्यांची. २७ ऑक्टोबरला ती जगापुढे आली. शीतयुद्धाच्या वातावरणात सोव्हिएत दाव्यांकडे अविश्वासाने पाहणे अमेरिकेत नवे नव्हते. त्याच वर्षी लॉइड मॅलन या अमेरिकन लेखकाने आधीच्या 'लूना-१' चे यश म्हणजे थाप आहे, असे सांगणारे पुस्तक लिहिले होते. चंद्रविषयक बनावटीचा आधुनिक आरोप प्रथम अमेरिकेवर नव्हे, तर अमेरिकेतून सोव्हिएत संघावर झाला, ही गोष्ट आज विस्मृतीत गेली आहे.

छायाचित्रे खरी होती. परंतु त्यांच्या वाचनात एक मोठी चूक झाली. चित्रातील एका उजळ पट्ट्याला पर्वतरांग समजून 'सोव्हिएत पर्वत' असे नाव देण्यात आले आणि ते नकाशांतही आले. पुढच्या, अधिक स्पष्ट छायाचित्रांत तेथे पर्वत नव्हतेच. विवरांपासून फाकलेल्या उजळ किरणपट्ट्यांनी तो भास निर्माण केला होता. नाव नकाशावरून काढावे लागले. त्याच छायाचित्रांवरून निश्चित झालेली 'मॉस्को समुद्र' आणि 'त्सिओल्कोव्स्की' विवर ही नावे मात्र आजही कायम आहेत. एकाच अस्पष्ट प्रतीतून एक वाचन टिकले, दुसरे बाद झाले.

३. १९६६ : एकाच मूळाच्या दोन प्रती

३ फेब्रुवारी १९६६ रोजी 'लूना-९' चंद्रावर अलगद उतरले आणि चंद्रभूमीवरून पहिली छायाचित्रे पाठवू लागले. इंग्लंडमधील जोड्रेल बँक वेधशाळेत बर्नार्ड लव्हेल यांचे सहकारी त्या यानाचे संदेश ऐकत होते. वृत्तपत्रे छायाचित्रे पाठविण्यासाठी ज्या पद्धतीचा संकेत वापरतात, तसाच हा संकेत आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. 'डेली एक्सप्रेस' या वृत्तपत्राचे यंत्र मागवून त्यांनी संदेशाचे चित्र केले, आणि मॉस्कोने छायाचित्रे प्रसृत करण्यापूर्वीच ती ब्रिटिश वाचकांच्या हाती पडली. मात्र चित्राच्या उंची-रुंदीचे मूळ प्रमाण जोड्रेल बँकेला ठाऊक नव्हते, त्यामुळे दगडांचे व भूमीचे आकार बिघडलेले छापले गेले. नंतर आलेली सोव्हिएत छायाचित्रे त्यांहून वेगळी दिसत होती.

वरवर पाहता हा विसंवाद संशयाला पोषक आहे. वस्तुतः त्याने उलटेच सिद्ध केले. मूळ संदेश एका परक्या, प्रतिस्पर्धी गटातील संस्थेने स्वतंत्रपणे पकडला होता. दोन प्रतींतील भेदाचे कारण नेमके दाखविता येत होते. आणि कारण कळताच दोन्ही प्रती एकाच मूळाकडे नेत होत्या. स्वतंत्र हातांनी केलेल्या दोन नकलांचे मोल पाठचिकित्सक जाणतो. एकच निर्दोष प्रत जे सांगू शकत नाही, ते दोन सदोष पण परस्परस्वतंत्र प्रती सांगतात.

त्याच वर्षी अमेरिकेने 'लूनर ऑर्बिटर' मालिका सुरू केली. ऑगस्ट १९६६ ते ऑगस्ट १९६७ या काळात पाच याने सोडण्यात आली व पाचही यशस्वी झाली. येथेही फिल्म यानातच धुऊन, यंत्राने वाचून पट्ट्यांच्या रूपाने पाठविली जाई. पृथ्वीवर हे पट्टे पुन्हा फिल्मवर उतरवून एकमेकांशेजारी लावीत आणि त्या जुळणीचे छायाचित्र घेऊन ते प्रसृत करीत. म्हणजे वाचकाच्या हाती येणारे चित्र नकलेची नकल असे. २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे सुप्रसिद्ध छायाचित्रही असेच रेघारेघांचे, काळ्यापांढऱ्यात भडक झालेले जगाने पाहिले.

मूळ संदेश मात्र चुंबकीय फितींवर नोंदविलेले होते. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतील नॅन्सी इव्हान्स यांनी त्या फिती नष्ट होऊ दिल्या नाहीत. त्या वाचू शकणारी अवजड, कालबाह्य यंत्रेही त्यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांभाळली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राच्या आवारात, बंद पडलेल्या एका मॅक्डोनाल्ड्स उपाहारगृहात ही यंत्रे दुरुस्त करून त्या फिती पुन्हा वाचण्यात आल्या. नोव्हेंबर २००८ मध्ये पृथ्वीचे तेच छायाचित्र नव्याने प्रसिद्ध झाले. छटांचा आणि तपशिलांचा जो समृद्धपणा त्यात दिसला, तो बेचाळीस वर्षे फितीतच पडून होता. मूळ उत्तम असून लोकांना निकृष्ट प्रत मिळाली, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

४. अपोलो : प्रसिद्धी आणि विस्मरण

अपोलो-११ च्या चांद्रावतरणाची दृश्ये भारतीय वेळेनुसार २१ जुलै १९६९ रोजी जगभर प्रक्षेपित झाली. यानावरील कॅमेरा सेकंदाला दहा चौकटी, प्रत्येकी ३२० ओळींच्या, पाठवीत होता. घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांना हे स्वरूप चालणारे नव्हते. म्हणून पृथ्वीवरील केंद्रांत विशेष पडद्यावर आलेले दृश्य दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपून ते पुढे पाठविण्यात आले. लोकांनी पाहिलेल्या भुतासारख्या धूसर आकृत्या या रूपांतराच्या होत्या. ऑस्ट्रेलियातील केंद्रांच्या खास पडद्यांवरचे दृश्य त्याहून बरेच स्पष्ट होते. आपल्याकडे तर मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्रच २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. बहुसंख्य मराठी माणसांनी हे अवतरण आकाशवाणीवर ऐकले आणि वृत्तपत्री ठशाच्या ठिपक्यांत पाहिले. त्यांच्या वाट्याला नकलेची तिसरी-चौथी पिढी आली.

मूळ संदेशाच्या फिती पुढे शोधल्या गेल्या, तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे २००९ मध्ये नासाला जाहीर करावे लागले. वाहिन्यांकडे जपलेल्या प्रतींवरून मग दृश्यांचा जीर्णोद्धार करण्यात आला. यात कपट नव्हते. फितींचा तुटवडा आणि दप्तरी बेफिकिरी होती. पण मूळ प्रत हरविल्याची कबुली चाळीस वर्षांनी देणारी संस्था संशयाला स्वतःच पाट मांडून देते.

फिल्मवरील स्थिर छायाचित्रांचे तसे नाही. हॅसलब्लाड कॅमेऱ्यांतील ७० मिलिमीटर फिल्म अंतराळवीरांनी परत आणली व ती ह्यूस्टन येथे जतन केलेली आहे. तरीही शंकांचा भर याच छायाचित्रांवर राहिला. रॉकेट इंजिने बनविणाऱ्या कंपनीत पूर्वी काम केलेले बिल केसिंग यांनी १९७६ मध्ये चांद्रअवतरण बनावट असल्याचे पुस्तक स्वतः प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २००१ मध्ये फॉक्स वाहिनीवरील कार्यक्रमाने हे आक्षेप घराघरांत पोहोचविले. आकाशात तारे का नाहीत? उन्हाने लख्ख भूमी टिपण्यासाठी झडप क्षणाच्या अल्पांशापुरती उघडली जाई. तेवढ्यात मंद ताऱ्यांचा ठसा फिल्मवर उमटत नाही. कॅमेऱ्यातील काचपट्टीवरच्या फुल्या काही ठिकाणी वस्तूच्या मागे गेल्यासारख्या का दिसतात? अतिउजळ पांढऱ्या पृष्ठाचा प्रकाश फिल्मवर पसरून बारीक काळी रेघ गिळून टाकतो, आणि नकलेगणिक हा दोष वाढतो. चांगल्या प्रतींत त्याच रेघा पुसट का होईना, दिसतात.

दोन उदाहरणे आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहेत. अपोलो-१६ (१९७२) च्या एका छायाचित्रात दगडावर रोमन 'सी' हे अक्षर कोरलेले दिसते, म्हणून तो नाटकाच्या सामानातला दगड ठरविण्यात आला. मूळ फिल्मवर ते अक्षर नाही. प्रत काढताना पडलेल्या केसाची किंवा तंतूची ती खूण आहे. हा शुद्ध लिपिकारप्रमाद होय. दुसरे उदाहरण बझ ऑल्ड्रिन यांच्या जगप्रसिद्ध छायाचित्राचे. आर्मस्ट्राँग यांनी घेतलेल्या मूळ चौकटीत ऑल्ड्रिन यांचे शिरस्त्राण वरच्या कडेला जवळजवळ भिडले आहे. प्रसिद्धीसाठी दिलेल्या प्रतीत वर काळे आकाश जोडून चौकट सुबक करण्यात आली. आकाश काळेच होते, तेव्हा सत्याचा विपर्यास झाला नाही. परंतु जोड दिल्याची नोंद सर्वसामान्य वाचकापुढे आली नाही. संपादकाने स्वतःचे शब्द कंसात न घालता संहितेत मिसळावे, तसाच हा प्रकार आहे.

१९९९ च्या गॅलप पाहणीत अमेरिकेतील ६ टक्के लोकांनी अवतरण बनावट असल्याचे मत दिले होते. ही संख्या मोठी नाही. परंतु नासाने २००२ मध्ये आक्षेपांना उत्तर देणारे पुस्तक लिहविण्याचे ठरविले आणि टीका होताच तो बेत सोडला, यावरून संस्थेची द्विधा दिसते. उत्तर दिले तर शंकेला प्रतिष्ठा मिळते, न दिले तर ती वाढते. उत्तर पुस्तकात नव्हे, मूळ प्रती खुल्या करण्यात होते. २०१५ मध्ये अपोलोची आठ हजारांहून अधिक छायाचित्रे उच्च प्रतीच्या स्वरूपात सर्वांसाठी उपलब्ध झाली, तेव्हा तेच सिद्ध झाले.

५. २००७ : खरे चित्र, चुकीचे समर्थन

चीनच्या 'छांग-अ १' या यानाचे पहिले चंद्रचित्र २६ नोव्हेंबर २००७ रोजी पंतप्रधान वेन जियाबाओ यांच्या उपस्थितीत प्रसिद्ध झाले. ते १९ पट्टे जोडून केले होते. लगेच आरोप झाला की, हे अमेरिकेच्या जुन्या छायाचित्राची नक्कल आहे. मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ औयांग झियुआन यांनी प्रत्युत्तर दिले : आमच्या चित्रात एक विवर आहे, ते अमेरिकन चित्रात त्या जागी नाही, तेव्हा ही नक्कल कशी?

प्लॅनेटरी सोसायटी या संस्थेच्या एमिली लकडावाला यांनी दोन्ही चित्रे बारकाईने ताडून पाहिली. चित्र नक्कल नव्हते. पण ते विवरही नवे नव्हते. पट्टे जोडताना झालेल्या चुकीमुळे जुनेच विवर आपल्या जागेवरून सरकले होते. म्हणजे चित्र खरे, त्यावरचा आरोप खोटा, आणि आरोपाचे अधिकृत खंडनही चुकीचे, अशी ही तिहेरी स्थिती होती. विशेष असे की, जोडणीतील चूकच अस्सलपणाची साक्ष ठरली, कारण नक्कल करणाऱ्याला ती चूक करण्याचे कारणच नव्हते. सत्यासाठीही घाईने दिलेले चुकीचे समर्थन अपायकारक असते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

६. भारतीय संदर्भ

'विभेदनक्षमता' ही संकल्पना समजली नाही, तर पुढील भाग कळणार नाही. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. हबल दुर्बिणीलाही तेथील सुमारे शंभर मीटरांहून लहान वस्तू वेगळी दिसत नाही. अपोलोचे उरलेले अवतरक तर पायांसह जेमतेम नऊ मीटर रुंद आहेत. म्हणून चंद्राजवळ जाऊनच ते टिपावे लागते. चांद्रयान-१ (२००८) च्या कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू पाच मीटरांचा होता. अमेरिकेच्या 'लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर' ने १७ जुलै २००९ रोजी प्रसृत झालेल्या छायाचित्रांत पाच अपोलो स्थळांवरील अवतरक त्यांच्या सावल्यांसह दाखविले. चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याची क्षमता सुमारे पाव मीटर असून त्यानेही अपोलो-११ चे स्थळ टिपले आहे. एका देशाच्या दाव्याला दुसऱ्या देशाच्या यंत्राने दिलेला हा दाखला कोणत्याही खंडनग्रंथाहून वजनदार आहे.

चांद्रयान-२ चा 'विक्रम' ७ सप्टेंबर २०१९ रोजी उतरताना कोसळला. दुसऱ्याच दिवशी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अध्यक्षांनी, परिभ्रमक यानाने अवतरकाचे उष्णताचित्र घेतले आहे, असे सांगितले. परंतु ते चित्र त्या वेळी लोकांपुढे आले नाही. अमेरिकन यानाने १७ सप्टेंबरला टिपलेला त्या भागाचा चित्रपट्टा मात्र खुला करण्यात आला. चेन्नईचे अभियंता षण्मुग सुब्रमणियन यांनी तो जुन्या चित्राशी बिंदूबिंदूने ताडला आणि एक उजळ ठिपका शोधून नासाला कळविले. तो अवशेषांचाच असल्याचे नासाने डिसेंबर २०१९ च्या आरंभी मान्य केले आणि त्यांना श्रेय दिले. अंधूक चित्राकडे पाहणारा सामान्य नागरिक येथे संशयखोर न होता शोधक झाला, कारण त्याच्या हाती मूळ प्रत होती. निवेदनावर विश्वास ठेवण्यावाचून दुसरा पर्याय नसता, तर तोच नागरिक कदाचित शंकेखोरांच्या रांगेत बसला असता.

भारतीय संस्थेनेही पुढे योग्य पाऊल उचलले. डिसेंबर २०२० पासून चांद्रयान-२ ची, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये चांद्रयान-३ ची शास्त्रीय सामग्री अभ्यासकांसाठी खुली करण्यात आली. या घटनेला आपल्याकडे जितकी प्रसिद्धी मिळावयास हवी होती तितकी मिळाली नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. चंद्राच्या छायाचित्रांचे दोष बहुधा मूळाचे नसून नकलेचे, रूपांतराचे किंवा जोडणीचे होते. संस्थांनी ही प्रक्रिया सांगितली नाही, तेथे शंकेला वाव मिळाला. मूळ सामग्री खुली केली, तेथे शंकेचेच संशोधन झाले. सारी शंका मात्र एका जातीची नसते. मूळ प्रत मागणारी शंका ज्ञानाची सहचारिणी आहे. मूळ प्रत दाखविल्यावर तीही बनावट ठरविणारी शंका ही वस्तुतः शंका नव्हे, तो आधीच झालेला निश्चय असतो. दोहोंना एकाच तागडीत तोलण्याने पहिलीवर अन्याय होतो.

पाठचिकित्सेची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, हेही नमूद केले पाहिजे. ज्ञानदेवांची मूळ संहिता आपल्या हाती नाही. प्रतींवरूनच तिच्याकडे जावे लागते. चंद्राच्या छायाचित्रांचे मूळ मात्र आपल्याच काळात, आपल्याच पैशाने निर्माण होते. ते हरविले, पुसले किंवा कपाटात राहिले, तर काळाला दोष देता येणार नाही.

एक नवी अडचणही उभी राहिली आहे. पूर्वी चित्र अस्पष्ट म्हणून लोक शंका घेत. आता खोटे चित्र खऱ्याहून स्पष्ट असते. माझ्या विद्यार्थ्याला राजमुद्रेचे चित्र खरे वाटले, ते त्याच्या सुबकपणामुळेच. त्याला मी उत्तर दिले नाही. दोन्ही चित्रांची वंशावळ शोधून आणावयास सांगितले. करड्या चित्राचा माग यानावरील कॅमेऱ्यापर्यंत लागला. सुबक चित्राचा माग एका चित्रकाराच्या संगणकापाशी थांबला. पुढील तासाला त्याने हे वर्गापुढे मांडले, आणि पाठचिकित्सा हा विषय त्या वर्गाला पुन्हा समजावून सांगण्याची गरज पडली नाही.